तिला दोन्ही भाषा येतात, म्हणून ती दोन्ही वापरते

परवा दादाने फॅमिली ग्रुपवर एक रील टाकलं. मराठी निवेदन, मागे भडक संगीत, आणि विषय काय तर स्नो द प्रॉडक्ट ही मेक्सिकन-अमेरिकन रॅपर. दीड मिनिटात त्या निवेदकाने पाच गोष्टी ठोकून सांगितल्या. चिकानो रॅप, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन लोकांचं रॅप, हे गुंडांचं संगीत आहे. ही बाई एका व्हिडिओमुळे रातोरात वर आली. तिला ना धड इंग्रजी येतं ना धड स्पॅनिश, म्हणून ती खिचडी करते. गाण्यांच्या कंपनीने सोडल्यावर तिचं करिअर संपलं. आणि तिला मिळालेलं बक्षीस खोटं आहे. खाली दादाने माझ्या भाचीला उद्देशून लिहिलं होतं, "बघ, अमेरिकेतसुद्धा हेच होतं."

भाची पिंपरीत कॉलेजला आहे. मराठी, हिंदी, इंग्रजी मिसळून रॅप लिहिते. तिने ग्रुपवर काहीच उत्तर दिलं नाही. रात्री मला एकटीला मेसेज केला, "आत्या, हे खरं आहे का?"

खरं नाही. स्नो जिथे जन्मली त्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत मी इतकी वर्षं राहते, म्हणून हे लिहायला बसले. हजारो लोकांनी ते रील पुढे ढकललंय, आणि त्यातल्या एकालाही दोन मिनिटं शोधून बघावंसं वाटलं नाही, याचा मला मनापासून राग आलाय.

आधी 'रातोरात'चं बघू. तो व्हिडिओ म्हणजे बिझारॅप या अर्जेंटिनाच्या संगीत-निर्मात्याने पाहुण्या कलाकारांबरोबर स्टुडिओत केलेल्या सेशन्सपैकी ३९ व्या क्रमांकाचं, २०२१ मधलं. ते प्रचंड चाललं, यात वाद नाही. पण स्नो, म्हणजे क्लॉदिया माद्रीस मेसा, ही १९८७ साली जन्मलेली मुलगी लहानपणी आजोबांच्या मारियाची, म्हणजे मेक्सिकन लोकसंगीताच्या, मंडळीबरोबर गात होती. तिची पहिली मिक्सटेप, म्हणजे अल्बमपेक्षा साधा, बहुतेकदा फुकट वाटला जाणारा गाण्यांचा संच, २००७ ची. तेव्हा ती स्वतःला 'स्नो व्हाइट द प्रॉडक्ट' म्हणवत होती. त्यातलं 'प्रॉडक्ट' म्हणजे मेक्सिकोहून येऊन राबणाऱ्या आईबापांच्या कष्टाचं फळ. मग मिक्सटेपमागून मिक्सटेप, २०११ मध्ये यूट्यूबवर गाजलेला व्हिडिओ, त्यावरून मोठ्या कंपन्यांचे फोन, २०१२ मध्ये अटलांटिक रेकॉर्ड्सशी करार. २००७ ते २०२१ म्हणजे चौदा वर्षं. चौदा वर्षांची रात्र कुठल्या गावात असते?

आता खिचडीचं. याच मुद्द्यावर भाची गप्प झाली. तिच्या शाळेतल्या बाईंपासून दादापर्यंत सगळ्यांनी तिला हेच ऐकवलंय, की एक भाषा नीट येत नाही म्हणून तू तीन मिसळतेस.

स्नोला हे कुणी नवीन सांगायला नको. स्पॅनिशमध्ये यासाठी एक टोचणारा शब्दच आहे, 'पोचा'. मेक्सिकोतले लोक सीमेपलीकडे वाढलेल्या आपल्याच पोरांना म्हणतात, स्पॅनिश बाटवणारी. आणि इकडे शाळेत गोरी पोरं उच्चारांवरून हसणार. दोन्हीकडून मार. रीलमधला निवेदक तिसरीकडून मारतोय, एवढाच फरक.

पण मुळात समजूतच चूक आहे, आणि हे माझं मत नव्हे. शाना पॉपलॅक या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन वस्तीतल्या २० माणसांचं बोलणं टिपलं आणि १९८० मध्ये निष्कर्ष छापले. भाषा बदलल्याच्या १,८३५ जागा त्यांनी तपासल्या. व्याकरण मोडल्याच्या जागा त्यात जवळपास सापडल्याच नाहीत. शिवाय वाक्याच्या मधोमध, सांधा न दिसता भाषा बदलणारे लोक कोण होते? ज्यांचं दोन्ही भाषांवर प्रभुत्व होतं ते. ज्यांची एक भाषा कच्ची होती ते वाक्याच्या शेपटीला एखादा शब्द चिकटवून मोकळे होत. मिसळणं हे न येण्याचं लक्षण असतं, तर हे बरोबर उलटं दिसायला हवं होतं. ती माणसं पोर्तो रिकन होती, स्नो मेक्सिकन घरातली, हे मला कळतं. पण दोन भाषांमध्ये वाढलेल्या डोक्याचं काम कसं चालतं, ते यावरून समजतं.

रॅपमध्ये तर याहून जास्त लागतं. स्पॅनिश शब्द बहुतेक स्वरावर संपतात आणि जोर साधारणपणे शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो. इंग्रजीत एका अक्षराचे, व्यंजनावर आपटणारे शब्द भरपूर. एका भाषेतून दुसरीत उडी मारायची तर चालत्या तालात जोराची जागा बदलावी लागते. मी कागदावर मांडून पाहिलं. 'सोल' स्पॅनिशमध्ये सूर्य, इंग्रजीत आत्मा. 'दोलोर' म्हणजे वेदना, शेवटच्या अक्षरावर जोर, म्हणून इंग्रजी 'फ्लोर'शी यमक जुळतं. ही उदाहरणं माझी आहेत, आणि एवढी जुळवायला मला अर्धा तास लागला. स्नो हे तोंडाला फेस येईल अशा वेगात करते. ते ३९ वं सेशन पुन्हा लावा आणि शब्द कळत नसतील तरी तिचा श्वास कुठे पडतो ते ऐका. भाषा बदलली म्हणून ती कुठेही अडत नाही.

आपण कागद, जमीन, अर्ज हे शब्द फारसी-अरबीतून घेतले आणि आज ते मराठी म्हणून मिरवतो. तेव्हा कुणाला खिचडी आठवत नाही.

'गुंडांचं संगीत' यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच चिकानो रॅपमध्ये टोळ्या, तुरुंग, पिस्तुलं आहेत, आणि कव्हरवर बायका शोभेला उभ्या आहेत. पण त्याच काळात, १९९४ मध्ये, जेव्ही या बाईने 'नेबाहुड क्वीन' हा अल्बम काढला होता. नंतर मिस क्रेझी आली, ती इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत. शिवाय 'चिकानो' हा शब्द आधी हिणवायला वापरत, तो साठच्या दशकात लोकांनी मुद्दाम उचलून छातीवर लावला. स्वतःकडे गोऱ्यांच्या नजरेने न बघणारा मेक्सिकन-अमेरिकन तो चिकानो, अशा अर्थाचं रुबेन सालासार या पत्रकाराने १९७० च्या फेब्रुवारीत लॉस अँजेलिस टाइम्समध्ये लिहिलं. त्याच वर्षी २९ ऑगस्टला चिकानोंच्या युद्धविरोधी मोर्च्याच्या दिवशी शेरीफच्या माणसाने मारलेलं अश्रुधुराचं नळकांडं लागून तो मेला. इथे ईस्ट सॅन होजेत स्टोरी रोड आणि किंग रोडच्या चौकात जमिनीला टेकणाऱ्या, आरशासारख्या घासलेल्या लोरायडर गाड्या फिरतात. अनेक वर्षं त्या फेऱ्यांना गावात बंदी होती, ती २०२२ मध्ये उठली. त्या गाड्यांत आजोबा आणि नातवंडं बसलेली असतात. निवेदकाने तो चौक एकदा येऊन बघावा.

'कंपनीने सोडलं, करिअर संपलं.' अटलांटिकशी नातं २०१८ मध्ये संपलं, हे खरं. त्या सहा वर्षांत हाती लागल्या त्या मिक्सटेप्स आणि २०१६ मधली एक ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांचा छोटा अल्बम. सगळ्यात गाजलेलं सेशन कंपनी सुटल्यानंतरचं आहे, आणि २०२२ चा 'टू एनिवेअर' हा अल्बमही. काय संपलं मग?

बक्षिसाचं एवढंच. २०१७ चं एमटीव्ही व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड सोमालियात जन्मलेला केनान, पोर्तो रिकोचा रेसिदेन्ते, लंडनचा रिझ एमसी आणि स्नो यांच्या स्थलांतरितांवरच्या गाण्याला मिळालं. त्या वर्षी त्या विभागातल्या सहाही नामांकनांना विजेते जाहीर केलं होतं. म्हणजे ते वाटून मिळालं. खोटं नव्हतं.

हे सगळं मी दादाला ग्रुपवरच पाठवतेय, जिथे त्याने ते टाकलं तिथेच. भाचीने काल मला तिची एक नवी ओळ म्हणून दाखवली. तिच्यात 'कट' हा शब्द दोनदा येतो. एकदा मराठीत, कुणीतरी शिजवलेला, आणि एकदा इंग्रजीत, कॅमेरा बंद करताना ओरडतात तो. दोन्ही बरोबर सम पडते तिथे. दादा, ती तुझ्या शेजारच्या खोलीत बसलेली असते. एकदा तिच्या तोंडून ती ओळ ऐक.