खूण १८२ पानावर होती

नवऱ्यावर संशय घ्यायला निवांतपणा लागतो, आणि इंदिरानगरातल्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तोच मिळत नाही.

गेली दोनेक वर्षं मला घरगुती थरार कादंबऱ्यांचं वेड लागलंय. म्हणजे ज्यांत खुनी बाहेरून येत नाही. तो आधीपासून आपल्याच डायनिंग टेबलाशी बसून ‘मीठ जरा कमी आहे’ म्हणत असतो. माझ्या आईच्या काळी बरं होतं. ती गल्लीतल्या लायब्ररीतून बाबूराव अर्नाळकर आणायची. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने. पण झुंजार असो की काळापहाड, भानगड बाहेरची. दार लावलं की आपण सुटलो. आता दार लावलं की गोष्ट सुरू होते. या प्रकाराला ज्युलिया क्राउच या इंग्लिश लेखिकेने २०१३ मध्ये ‘डोमेस्टिक न्वार’ असं नाव दिलं. आपल्याकडे त्याला संसार म्हणतात.

खरं सांगू? या बायकांची मला भीती नाही वाटत, हेवा वाटतो. तळ्याकाठचं काचेचं घर, दुपारपासून हातात वाइन, आणि खिडकीत उभं राहून नवऱ्याविषयी विचार करायला अख्खा दिवस मोकळा. तीनशे पानांत एकदाही घंटागाडी येत नाही. कुणी विरजण मागायला येत नाही. तिचा नवरा परगावी जातो म्हणजे नाहीसाच होतो. आमचे हे पंचवटीने मुंबईला निघाले की फोन सुरू: ‘इगतपुरी आलं’, ‘कसारा आलं’, ‘वडा घेतला, तेलकट आहे’. आणि तिच्या घरात एक कुलूपबंद खोली असते. आमच्याकडे माळा आहे. त्यावर २०१५ च्या कुंभमेळ्यात पाहुण्यांसाठी घेतलेल्या सहा गाद्या २०२७ ची वाट बघत पडल्यात. वाइनची राजधानी म्हणून मिरवणाऱ्या या शहरात रात्री नऊ वाजता माझ्या हातात असतो तो काढा. तोही सासूबाईंचा.

तर मागच्या पंधरवड्यातली गोष्ट. (पुस्तकाचं नाव सांगत नाही, पुढे त्यातलं गुपित फोडायचं आहे.) माझी खूण, म्हणजे चिवड्याच्या दुकानाचं बिल, १८२ पानावर होती. दुसऱ्या रात्री ते बिल १४६ वर. मी वय मानून सोडून दिलं आणि पुन्हा १८२ वर ठेवलं. तिसऱ्या रात्री १७१.

अंगावर काटा आला. ‘गॅसलाइटिंग’ हा शब्द ज्या नाटकावरून आला, ते पॅट्रिक हॅमिल्टनचं १९३८ चं नाटक मला ठाऊक होतं. त्यातला नवरा घरातल्या वस्तू लपवतो आणि बायकोलाच विसरभोळी, वेडी ठरवतो. रात्री गुपचूप वरच्या बंद मजल्यावर दिवे लावून तो दागिने शोधतो, तेव्हा खालच्या दिव्यांची ज्योत बारीक होते. मी ह्यांना विचारलं, “माझं पुस्तक तुम्ही हलवलंत?”

“कुठलं पुस्तक?”

दोषी नवरे नेमकं हेच म्हणतात! त्याच क्षणी ट्यूब मिणमिणली. मी धावत बाथरूमपाशी गेले.

“अगं, गीझर लावलाय. पाय शेकायचेत.”

तरी मी पाळत ठेवली. ह्यांचा फोन तपासला. त्याचा पासवर्ड टेलिफोनच्या डायरीत ‘फोनचा पासवर्ड’ या मथळ्याखाली लिहिलेला होता. आत कर्जाचे मेसेज, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून झालेलं भांडण आणि रोज सकाळी साठ जणांना पाठवलेलं एकच गुलाबाचं फूल. सव्वीस वर्षांत या माणसाने माझ्यापासून काहीही लपवलेलं नाही हे कळून मला, का कोण जाणे, वाईटच वाटलं.

पुरावा पाचव्या दिवशी सापडला. १९४ आणि १९५ पानांच्या बेचक्यात आवळासुपारीचा तुकडा. आमच्या घरात आवळासुपारी एकच व्यक्ती खाते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बारीक अक्षरही लख्ख दिसतं, आणि ‘दुपारी जरा पडते’ म्हणून त्या दोन तास दार लोटून घेतात.

मी काही बोलले नाही. सोपं होतं, खूण माझी मी लक्षात ठेवायची. पण हळूहळू बिल माझ्या पुढे गेलं. मी २२० वर, तर बिल २६८ वर. शेवटी शनिवारी मी रात्रभर जागून त्यांना गाठलं, आणि २५१ पानावर कळलं की कादंबरीतली ती गरीब, गोड, कमी बोलणारी सून सासूला रोज रात्री कोमट दुधातून थेंब थेंब काय देत होती.

रविवारी नऊ वाजता मी नेहमीसारखा काढा नेला. सासूबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. त्यांनी पेल्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

“आज काळपट दिसतोय.”

“गूळ जास्त पडला असेल, आई.”

“हं.” त्यांनी पेला वास घेऊन माझ्याकडे सरकवला. “आधी तू घे घोटभर.”

मी घेतला. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पाच मिनिटं जाऊ दिली, मग पेला तोंडाला लावला.

“गार झाला,” म्हणाल्या.