‘गोडीत फरक आढळला नाही’ म्हणे!

द्राक्षाचे घड औषधात बुडवायच्या, म्हणजे डिपिंगच्या, घाईत मामांचा फोन. “तू कॉलेजात स्टॅटिस्टिक्सच शिकवतेस ना गं? मग सांग, हे टॉनिक पाच लिटर मागवू का?” पाठोपाठ व्हॉट्सॲपवर त्या टॉनिकच्या पत्रकाचा फॉरवर्ड. दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांच्या ग्रुपांवर तो फिरतोय हे ऐकून होते, पण घरात शिरला म्हटल्यावर गप्प बसवेना. टॉनिकचं नाव लिहीत नाही. अशी टॉनिकं ढीगभर आहेत आणि पत्रकं सगळ्यांची एकाच साच्यातली.

मजकूर थोडक्यात असा. दहा झाडांवर टॉनिक मारलं, दहा तशीच ठेवली. मण्यांच्या सरासरी साईजमधला फरक ‘वन-टेल टेस्ट’ने तपासला, पी (परिणाम नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता) ०.०५च्या आत, म्हणून ९५ टक्के खात्री. ही टेस्ट जास्त अचूक असते. टॉनिकने नुकसान होऊच शकत नाही, त्यामुळे दुसरी बाजू बघायची गरज नाही. आणि शेवटी ठळक अक्षरांत: गोडीच्या वन-टेल टेस्टमध्ये फरक आढळला नाही.

हे शेवटचं वाक्य आधी घेते, कारण मामा त्यालाच भुलले. साईज वाढते आणि गोडीला धक्का नाही, मग काय हवं?

दोन सरासऱ्यांमधला फरक खरा की झाडाझाडांतल्या नेहमीच्या चढउतारातून आलेला, हे टी-टेस्ट बघते. टू-टेलचा प्रश्न असतो: फरक आहे का, वर किंवा खाली? वन-टेल एकच विचारते: वाढ झाली का? गोडी कितीही घसरली तरी तिचं उत्तर ‘वाढ आढळली नाही’ एवढंच. पत्रकवाल्याने त्यातला ‘वाढ’ शब्द काढून तिथे ‘फरक’ बसवला. सगळी लबाडी या एका शब्दात आहे.

आकड्यात बघा. दहा-दहा झाडं आहेत आणि समजा टॉनिकवाल्या झाडांचा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, इतका पडला की टी, म्हणजे टेस्टमधून निघणारा फरकाचा आकडा, उणे २.२ आला. वाढीच्या बाजूने वन-टेल लावली की पी येतो ०.९८. म्हणजे कागदावर सगळं शांत. तेच आकडे टू-टेलमध्ये घाला, पी ०.०४ येतो. म्हणजे त्यांच्याच ०.०५च्या नियमाने गोडी घटली! पत्रकात ब्रिक्सचा एकही आकडा छापलेला नाही. गोडी पार बसली असती तरी हेच वाक्य ठळक अक्षरांत छापता आलं असतं.

‘नुकसान होऊच शकत नाही’ हे तर द्राक्षवाल्याला सांगायचं धाडसच म्हणायचं. मामांना विचारलं, सीपीपीयूचा, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाचा, डोस वर गेला तेव्हा काय झालं होतं? ते हसले. मणी टपोरे दिसत होते, पण रोज सकाळी गोडी मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून डोळा लावला तरी रेघ वर सरकेना. व्यापारी आला, एक मणी तोंडात टाकला, बी नसलेल्या द्राक्षातलं बी थुंकावं तसा चेहरा केला आणि गाडीत बसला. फुगवण वाढते तेव्हा गोडी मागे पडू शकते, हे या तालुक्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. म्हणजे जी बाजू बघायलाच हवी, नेमकी तीच बघायची नाही असं आधीच ठरवून ठेवलेलं.

‘जास्त अचूक’ म्हणे. दहा-दहा झाडांना टू-टेलमध्ये पास व्हायला टी २.१०१ लागतो, वन-टेलमध्ये १.७३४ पुरतो. टी १.९ आला तर वन-टेलमध्ये पी ०.०३७, टू-टेलमध्ये ०.०७४. मोजमाप तेच, मणी मोजायचा व्हर्नियर तोच, फक्त पासाचे गुण कमी केले. आकडे हातात आल्यावर टेस्ट निवडली असेल तर ती शुद्ध फसवणूक.

यात अर्धं खरं आहे, तेही सांगते, नाहीतर कोणीतरी पुस्तक काढून दाखवेल. वन-टेल टेस्ट चूक नाही. दिशा आधीच लिहून ठेवली असेल आणि उलट निकाल आला तरी आपला निर्णय बदलणार नसेल, तर ती चालते. पण माणसांवरच्या औषध-चाचण्यांसाठी १९९८ साली आलेलं आयसीएच ई-९ हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक बघा. वन-टेल वापरायची तर पीची मर्यादा टू-टेलच्या निम्मी ठेवणं बरं, असं त्यात म्हटलंय. म्हणजे ०.०५च्या जागी ०.०२५. सवलत घ्याल तर काटा कडक करा. पत्रकवाल्याने सवलत घेतली, काटा तसाच ठेवला.

९५ टक्के खात्रीचं फार काही बोलायला नको. टॉनिकचा काडीचा परिणाम नसता तर एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता म्हणजे पी. टॉनिक चालेल याची खात्री ती नव्हे. आणि ती दहा झाडं एकाच ओळीतली, ड्रिपच्या तोंडाजवळची असतील, तर टॉनिक तपासलं की पाणी?

“मग नको मागवू?” मामा.

म्हटलं, अर्धाच लिटर आणा. चिठ्ठ्या टाकून झाडं निवडू, खोडांना सुतळी बांधू. साईज आणि ब्रिक्स दोन्ही मोजायचं, दोन्ही बाजूंनी बघायचं, हे फवारणीच्या आधी वहीत लिहू.

“अर्धा लिटर सुटं देत नाहीत गं,” मामा म्हणाले. “पाचवर एक फ्री आहे.”