ज्याने गाणं आणलं, त्याने ते गाऊ नये

आमच्या बँडमधला ड्रमर १९ वर्षांचा आहे आणि कीबोर्डवाले काका ६६ वर्षांचे. मधे आम्ही तिघं: तिशीतली गायिका, चाळिशीतला बेसवाला आणि पन्नाशी ओलांडलेली मी, गिटार आणि दुसरा आवाज. नवीन कव्हर, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी गाणं आपल्या पद्धतीने वाजवायला, निवडायची वेळ आली की आमच्यात हमखास रुसवेफुगवे व्हायचे. आता होत नाहीत. का होत नाहीत, ते आज सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधीची पद्धत अशी होती की प्रत्येकाने दोन-दोन गाणी आणायची. न्याय्य वाटते ना? पण त्यातून दहा गाणी मिळतात, बँड मिळत नाही. काकांचं गाणं लागलं की ड्रमर साधा ठेका धरून खिडकीबाहेर बघणार. त्याचं लागलं की काका दोन स्वर दाबून उभे राहणार. जो तो आपल्या पाळीची वाट बघत असतो, आणि समोर बसलेल्यांना ते लगेच कळतं.

मग आम्ही मतदान करून पाहिलं. ते त्याहून वाईट. मतदानात ज्यावर कुणाचीच हरकत नसते तेच गाणं पुढे सरकतं, आणि तसं गाणं म्हणजे सगळ्यांनी हजारदा ऐकलेलं. ते कुणाला नको नसतं, पण त्यासाठी कुणी रात्री जागून सरावही करत नाही.

यात हट्टीपणा कुणाचाच नसतो. दहा-बारा वर्षांपासून पंचविशीपर्यंत कानावर पडलेली गाणी माणसाला आयुष्यभर सगळ्यात जास्त आठवतात, असं स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार आढळलं आहे. म्हणजे आम्ही पाच जण पाच वेगवेगळी दशकं खांद्यावर घेऊन तालमीला येतो. ती खाली ठेव, असं कुणाला सांगणार?

वाट सापडली ती अचानक. ड्रमरने एक गाणं आणलं होतं. वेगवान, सगळा इलेक्ट्रॉनिक ठोका, आवाजावरही भरपूर यंत्राचं काम. गायिकेचा घसा बसला होता, म्हणून काका म्हणाले, "मी नुसता म्हणून बघतो." पट्टी चार सूर खाली घेतली. त्यांना तो वेग झेपेना, म्हणून लयही निम्मी केली. कागदावर बघून एकेक ओळ म्हणत गेले. दुसऱ्या अंतऱ्यावर ड्रमरने काठ्या खाली ठेवल्या. गाणं संपल्यावर म्हणाला, "काका, हे शब्द मी इतके दिवस ऐकलेच नव्हते." दोन वर्षं रोज ऐकत असलेल्या गाण्याबद्दल तो हे बोलत होता.

घरी जाताना मला अमेरिकन गायक जॉनी कॅश आठवला. 'हर्ट' हे गाणं नाइन इंच नेल्स या रॉक बँडच्या ट्रेंट रेझ्नरचं, १९९४ सालचं. तेव्हा तो तिशीही न गाठलेला तरुण होता. २००२ मध्ये ते कॅशने गायलं, वयाच्या सत्तरीत, शरीर थकलेलं असताना. ते त्याला सुचवलं होतं त्याचा निर्माता रिक रुबिनने, जो त्याच्याहून ३१ वर्षांनी लहान. कॅशने मुळातला एक शिवराळ शब्द काढून तिथे काट्यांचा मुकुट आणला. बाकी शब्द जवळपास तेच. पण तरुणाची स्वतःवरची चीड म्हाताऱ्याच्या तोंडी आयुष्यभराचा हिशेब होऊन गेली. कॅशच्या गाण्याचा व्हिडिओ पाहिल्यावर हे गाणं आता आपलं राहिलं नाही, असं खुद्द रेझ्नरने सांगितलं आहे.

तेव्हापासून आमचा नियम: ज्याने गाणं आणलं, त्याने ते गायचं नाही. शक्यतो वयाने सगळ्यात लांबच्या माणसाला द्यायचं. आणि आणणाऱ्याने हे गाणं का आवडतं ते एकदाच सांगायचं, मग गप्प बसायचं.

गप्प बसणं सगळ्यात अवघड. काकांचं तरुणपणचं एक गाणं गायिकेला दिलं, तर दुसऱ्याच ओळीला काका थांबले. "अगं, ही जागा अशी नाहीये." तिने मूळ रेकॉर्डिंग एकदाच ऐकलेलं, त्यामुळे तिच्या गळ्यात तिथली हरकत, म्हणजे सुरांचं ते छोटं वळण, नव्हतंच. ती सरळ सुरावर थांबली होती. मला तो थांबा फार आवडला. काकांना तो पटायला तीन तालमी लागल्या, आणि त्या तीन तालमी त्यांना खरोखर जड गेल्या. आपल्या आठवणीतली वस्तू दुसऱ्याच्या हातात देणं सोपं नसतं, याचा आदर ठेवायलाच हवा.

पट्टीबद्दल मात्र मी कुणाचं ऐकत नाही. मूळ पट्टी पवित्र नसते. वय वाढतं तसे वरचे सूर कमी होतात, हे शरीराचं काम आहे, त्यात कमीपणा नाही. आम्ही आधी गाण्यातली सगळ्यात उंच ओळ शोधतो. ती बहुधा शेवटच्या धृपदात दडलेली असते, म्हणून मुखडा म्हणून बघून पट्टी ठरवणारे फसतात. गायकाला ती ओळ तालमीच्या शेवटी, दमलेल्या गळ्यानेही लागली पाहिजे. गिटारची मोकळ्या तारांवरची रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारी छोटी धून, यात मोडते, तेव्हा मी कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावते किंवा सगळ्या तारा अर्धा सूर उतरवते. गळ्याने गिटारसाठी ताणून घेऊ नये.

आणि गाणं घ्यायचं की नाही, हे एका गिटारवर एका आवाजात म्हणून ठरतं. काही गाणी फक्त ध्वनीच्या थरांवर उभी असतात. थर काढले की खाली काही उरत नाही. ती ऐकायला मला आवडतात, पण आम्ही वाजवत नाही.

"हे शब्द या वयाला शोभत नाहीत," असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात मान्य नाही. ६६ वर्षांच्या माणसाने पहिल्या प्रेमाचं गाणं म्हटलं की ऐकणारा हसत नाही, थबकतो. मी समोर उभी राहून ते पाहिलं आहे.

या वेळच्या चार गाण्यांपैकी तीन ठरली. चौथं मी आणलंय, माझ्या सतराव्या वर्षातलं. ते ड्रमर गाणार आहे. त्याने ते अजून ऐकलेलं नाही. मी त्याला रेकॉर्डिंग पाठवलेलं नाही, फक्त शब्द आणि कॉर्ड हाताने लिहून दिलेत.