टाचणी बसली म्हणून ओढ्याचं पाणी पिऊ नका

हिरव्याकंच पंखांच्या टाचणीचा, म्हणजे चतुरासारख्या नाजूक, सडपातळ कीटकाचा फोटो आणि खाली पाच ओळी, असा मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. ही टाचणी फक्त सह्याद्रीत सापडते. शेपटीने डंख मारते. पंखांतला हिरवा रंग कापडाला लावता येतो. ती दिसेल तिथलं पाणी बिनधास्त प्यावं. आणि तिच्या अळ्या पिंपात सोडल्या की डेंग्यू जातो. मावशीने तो पुढे ढकलला, त्यावर भाच्याने "मग ट्रेकला पाणी कशाला वाहायचं?" असं विचारलं. म्हणून हा खटाटोप.

पाण्याचंच आधी. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. फोटोतली टाचणी म्हणजे न्यूरोबेसिस चायनेन्सिस, इंग्रजीत स्ट्रीम ग्लोरी. हिला वाहता ओढा लागतो, आणि काठाची झाडी व पाण्यात बुडालेली मुळं लागतात. अळी त्या मुळांना धरून बसते आणि पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर जगते. सांडपाण्याने कुजलेल्या नाल्यात ती टिकणार नाही. पण टाचणीला लागतो ऑक्सिजन, आणि तुम्हाला आजारी पाडतात ते जंतू. वरच्या अंगाला गुरं उतरली, कुणी शौचाला बसलं, उंदरांचं मूत्र मिसळलं, तरी खळाळत्या पाण्यातला ऑक्सिजन तेवढ्याने घटत नाही. टाचणी मजेत उडत राहते आणि खाली ओंजळीने पिणाऱ्याला जुलाब, कावीळ किंवा लेप्टो होऊ शकतो. पाणी नितळ दिसलं तरी हेच. गढूळ असेल तर निवळू द्या, चौपदरी फडक्याने गाळा, मग रटरटून उकळी फुटल्यावर किमान १ मिनिट उकळू द्या. नुसत्या फडक्याने जंतू अडत नाहीत. क्लोरीनचे थेंब गढूळ पाण्यात टाकलेत तर त्यातला बराचसा क्लोरीन गाळातच खर्ची पडतो.

रंगाचं म्हणाल तर पंख चुरडून हाती काळपट भुगा येईल, दुसरं काही नाही. व्हुकुसिक, वूटन आणि किंग्सोल्व्हर या संशोधकांनी २००४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात याच टाचणीच्या मागच्या पंखांचा अभ्यास छापला. पंखाच्या आवरणात अतिशय पातळ थर एकावर एक असतात. त्यांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिळून हिरवा उजळतो. पाण्यावरच्या तेलाच्या तवंगात रंग दिसतात, तसलाच प्रकार. म्हणून तिरकं पाहिलं की हिरव्याचा कल निळ्याकडे जातो. झळाळी नराच्या मागच्या पंखांना, तीही वरच्या बाजूलाच. पुढचे पंख जवळपास पारदर्शक. नर दगडावर पंख मिटून बसला की खालची तपकिरी बाजू बाहेर येते आणि डोळ्यांदेखत हिरवा गायब होतो. पुन्हा पंख फाकवले की लखकन चमकतो.

डंखाची गोष्ट निव्वळ भाकड. नराच्या शेपटीच्या टोकाला मादीला मानेपाशी धरायचे चिमटे असतात, मादीच्या टोकाला पाणवनस्पतीत अंडी रोवायचं अवजार. विष दोघांकडेही नाही.

"फक्त सह्याद्रीत"? नावात चायनेन्सिस आहे! स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली हिचं वर्णन केलं, आणि ती भारतापासून चीन व आग्नेय आशियापर्यंत आढळते.

पिंपाचा सल्ला ज्याने लिहिला त्याने ही अळी पाहिलेली नसावी. टाचण्यांच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात, हे खरं. पण हिला वाहतं पाणी हवं. साचलेल्या पिंपात ती गुदमरून मरेल आणि डास आपले वाढत राहतील. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतल्या कडा ब्रशने खरवडा, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेपाशी भिंतीला चिकटलेली असतात. मग घट्ट झाकण.

आणि मेसेजच्या तळाशी "हिची विषारी बहीण" म्हणून जी पिंगट पंखांची, पांढऱ्या ठिपक्यांची टाचणी दाखवलीय, ती याच जातीची मादी आहे.