पौंड गेला, तरी मोट सुटली नाही

जातीय निवाड्यामुळे रॅम्से मॅकडोनल्ड हे नाव आपल्याकडे माहीत असतं. तो निवाडा ऑगस्ट १९३२ मध्ये जाहीर झाला आणि पुढच्याच महिन्यात येरवड्यात पुणे करार झाला. तेव्हा हा ब्रिटनच्या मजूर पक्षाचा पंतप्रधान त्याच पक्षातून हाकललेला होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये त्यांना सरसकट गद्दार म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. ऑगस्ट १९३१ मधले मॅकडोनल्ड मला समजतात, ऑक्टोबरमधले काही केल्या पचत नाहीत.

२३ ऑगस्ट, रविवारची संध्याकाळ. पौंडाची किंमत सोन्याशी बांधलेली, आणि ती टिकवणारं सोनंच देशाबाहेर चाललेलं. न्यूयॉर्कचे बँकर कर्ज देणार की नाही याची तार यायची होती, आणि मंत्री डाउनिंग स्ट्रीटच्या बागेत ताटकळत होते. कर्ज हवं तर बेकारभत्ता १० टक्के कापायचा. म्हणजे ज्याला आठवड्याला १७ शिलिंग मिळायचे, त्याच्या हातात १५ शिलिंग ३ पेन्स. मंत्रिमंडळ फुटलं: ११ कपातीच्या बाजूने, ९ विरोधात. त्या नऊ जणांबद्दल मला आजही आदर आहे. दुसऱ्या दिवशी राजा पाचव्या जॉर्जच्या आग्रहावरून मॅकडोनल्डनी कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरलांना घेऊन सरकार बनवलं. देश बुडतोय असं वाटत असताना माणूस असं करू शकतो.

पण शब्द काय दिला होता? सरकार संकटापुरतं, पुढची निवडणूक ज्याने त्याने आपापली लढवायची. २१ सप्टेंबरला पौंड सोन्यापासून तोडावाच लागला. ज्यासाठी मोट बांधली तेच हातचं गेलं, तर मोट सोडायला हवी होती. उलट २७ ऑक्टोबरच्या निवडणुकीत सरकारातल्या सगळ्यांनी मिळून मतं मागितली. तिरंगी लढती बऱ्याच ठिकाणी उरल्याच नाहीत. ६१५ पैकी ५५४ जागा सरकारला, त्यात कॉन्झर्व्हेटिव्ह ४७० आणि मॅकडोनल्डचा गट १३. मजूर पक्षाला सुमारे ३१ टक्के मतं, पण जागा २८७ वरून ५२. इतक्या मतांची इतकी माती झालेली बघून मला अजून राग येतो. आणि १३ जणांचा पंतप्रधान ४७० जणांपुढे किती बोलणार?

त्यांचा मतदारसंघ सीहॅम, डरहॅमच्या खाणकामगारांचा. १९३१ ला तिथे ते सुमारे ६ हजारांनी निवडून आले. १९३५ ला त्यांच्याच जुन्या सरकारातले खाणमंत्री शिनवेल समोर उभे राहिले आणि खाणकामगारांनी मॅकडोनल्डना २० हजारांवर मतांनी पाडलं.