उभी रेषा, उलटी वजाबाकी आणि तुमचा आक्षेप

दोन बिंदूंवरून रेषेचं समीकरण कसं मांडायचं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण (क्ष − क्ष₁)/(क्ष₂ − क्ष₁) = (य − य₁)/(य₂ − य₁) या सूत्रात किंमती घातल्या की दोन ओळींत येतं, मग चढ (य मधला फरक भागिले क्ष मधला फरक) आणि समरूप त्रिकोण यांच्यात मी अर्धा लेख का घालवला? शिवाय उभी रेषा माझ्या रीतीत बसतच नाही.

उभ्या रेषेचं आधी घेते, कारण तिथे चूक माझीच आहे. (३, १) आणि (३, ७) हे बिंदू घेतले तर क्ष मधला फरक शून्य येतो. शून्याने भागता येत नाही, म्हणजे या रेषेला चढच नाही. "कोणतेही दोन बिंदू घ्या" असं मी लेखात लिहायला नको होतं. पण तुम्ही दिलेलं सूत्रही इथे अडतंच. त्यात दोन्ही बाजूंना छेद आहेत, त्यामुळे उभ्या रेषेबरोबर आडवीही अडकते. तिरकस गुणाकार केलेलं रूप घेतलं की दोन्ही सुटतात: ६(क्ष − ३) = ०(य − १), म्हणून क्ष = ३.

चढाबद्दल मात्र मी ठाम आहे. (२, ५) आणि (६, १३) घ्या. क्ष ४ ने वाढला तेव्हा य ८ ने वाढला, म्हणजे क्ष १ ने पुढे गेला की य २ ने चढतो. रेषेवर कुठूनही कुठेही मोजा, हे गुणोत्तर तेच येतं, कारण क्ष मधली आडवी वाढ आणि य मधली उभी वाढ यांच्या पायऱ्यांनी बनणारे त्रिकोण समरूप असतात. म्हणूनच रेषेवरच्या प्रत्येक (क्ष, य) साठी य − ५ = २(क्ष − २), म्हणजे य = २क्ष + १. तुमचं सूत्रही हेच सांगतं. ज्याला हे उमगलं तो सूत्र विसरला तरी कोऱ्या कागदावर पुन्हा मांडू शकतो.

आणि मुलं चुकतात ती अगदी इथेच. वर १३ − ५ करतात, खाली २ − ६. चढ येतो −२ आणि समीकरण य = −२क्ष + ९. मग पडताळ्याला (२, ५) घालतात: −४ + ९ = ५. जुळलं! वही बंद. पण ज्या बिंदूवरून समीकरण मांडलं तो बिंदू, चढ कितीही चुकलेला असो, जुळणारच. पडताळा घ्यायचा तो दुसऱ्या बिंदूने: −१२ + ९ = −३, हवे होते १३. उजवीकडचा बिंदू वर आहे एवढं जरी आधी पाहिलं असतं तरी ऋण चढ तिथल्या तिथे खटकला असता. सूत्रात नुसत्या किंमती घालणाऱ्याला तो खटकत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

उभ्या रेषेचं उदाहरण आजच मूळ लेखात घातलं आहे. दोन्ही बिंदू चुकून एकच दिले गेले तर तिरकस गुणाकाराच्या रूपात ० = ० येतं, तेही नोंदवलं. एका बिंदूतून अगणित रेषा जातात, तेव्हा त्यातली एकच निवडून मिळणार तरी कशी?