‘१०डब्ल्यू-६० टाका, विषय संपला’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

ट्रॅकवर इंजिन ऑइलचं तापमान कसं सांभाळावं या माझ्या लेखावर एका वाचकाची प्रतिक्रिया आली आहे. सगळ्यांच्या सोयीसाठी जशीच्या तशी देतो (१०डब्ल्यू-६० हा तेलाच्या जाडपणाचा ग्रेड, पहिला आकडा गार तेलाचा, दुसरा तापलेल्याचा; कूलर म्हणजे तेलाचा छोटा रेडिएटर):

“लेख कॅटलॉग समोर ठेवून लिहिलाय हे पहिल्या परिच्छेदातच कळतं. तेल तापतंय तर १०डब्ल्यू-६० टाका, विषय संपला, कूलरची गरजच नाही. कूलर म्हणजे गळतीला आमंत्रण. थर्मोस्टॅटचा आकडाही चुकलाय. १३० अंशांना इंजिनाला काही होत नाही. आणि चार लॅप पळवून एक लॅप सावकाश मारला तर निम्म्या गाड्यांना काहीच लागत नाही, हे सांगायला लेखक महाशय विसरले.”

महाशय विसरले नाहीत. त्यावर शेवटी येतो.

आधी सुराबद्दल. मतभेदाचं मला वावडं नाही. याच लेखाखाली दोघांनी आकडे देऊन माझ्याशी वाद घातला आहे आणि त्यांना मी आभार मानूनच उत्तर दिलं आहे. पण एकही आकडा न देता ‘विषय संपला’ म्हणायचं, वर समोरच्याला ‘कॅटलॉग’ म्हणून हिणवायचं, याला चर्चा म्हणत नाहीत. राहता राहिला कॅटलॉग, तर उघडलेल्या इंजिनांची बिग एंड बेअरिंगं (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथली) बारा वर्षं हातात घेऊन पाहतो आहे. वरचा राखाडी थर जाऊन खालचं तांबं दिसायला लागलेलं बेअरिंग कोणी कॅटलॉगात छापत नाही. यापुढे आत्मचरित्र नाही, तेलाबद्दल बोलू.

थर्मोस्टॅटचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. सँडविच प्लेटमधला (फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये बसून तेल कूलरकडे वळवणाऱ्या प्लेटमधला) थर्मोस्टॅट ‘९२ अंशांना उघडतो’ असं मी लिहिलं होतं. तो साधारण ८० ला उघडायला लागतो आणि ९२ च्या आसपास पूर्ण उघडतो. टंकताना अर्धं वाक्य गळलं होतं, लेखात दुरुस्ती केली आहे. एवढ्यावरून अख्खा लेख निकालात निघत असेल तर कठीण आहे.

आता तुमचं लाडकं वाक्य: ‘१०डब्ल्यू-६० टाका, कूलरची गरजच नाही.’

तेल तापतं कुठे, हे आधी पाहा. क्रँकच्या बेअरिंगमध्ये तेलाची फिल्म माणसाच्या केसाहून बारीक असते. क्रँक फिरतो तेव्हा ती सतत चिरडली, ताणली जाते आणि त्या घर्षणाची उष्णता थेट तेलात उतरते. ही उष्णता तेलाच्या जाडपणाबरोबर वाढते आणि वेगाच्या तर वर्गाच्या पटीत वाढते. ३,००० आरपीएमला रस्त्यावर फिरणारं इंजिन ट्रॅकवर ६,५०० ते ७,००० च्या पट्ट्यात राहिलं की बेअरिंगमधली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट-पाचपट होते. त्यात पिस्टनच्या पोटावर खालून मारल्या जाणाऱ्या तेलाच्या पिचकाऱ्या आणि टर्बो असेल तर त्याचा शाफ्ट यांची भर पडते. कूलंटला रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंखा असा सगळा गोतावळा आहे. बऱ्याच गाड्यांत तेलाला काहीच नसतं. वर डॅशबोर्डवरचा कूलंटचा काटा मोठ्या पट्ट्यात मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो, त्यामुळे चालकाला वाटतं की सगळं आलबेल आहे.

या जागी तुम्ही जाड तेल ओतता. फिल्म जाड होते, खरं आहे. पण चिरडायला जास्त जोर लागतो, म्हणजे उष्णताही जास्त निघते, आणि ती बाहेर काढायची वाट तीच जुनी. सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) पत्र्यावरून वाहणारी हवा काही तेलाचा ग्रेड पाहून जास्त उष्णता नेत नाही. तापमान आहे तिथेच राहतं, बऱ्याचदा दोन-चार अंशांनी वरच जातं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आकडे हवेत ना? १०० अंशांना १४ सेंटिस्टोक्स (जाडपणाचं एकक) असलेलं नेहमीचं ५डब्ल्यू-४० घ्या. १३० अंशांना ते साधारण ८ वर येतं. तेलाचे ग्रेड ठरवणाऱ्या एसएई जे३०० या मानकानुसार १०० अंशांना ३० ग्रेडची व्याख्याच ९.३ पासून सुरू होते, म्हणजे तुमचं ‘४०’ त्या तापमानाला ३० च्याही खाली गेलेलं असतं. आता १०डब्ल्यू-६०: १०० ला सुमारे २३, १३० ला साडेबारा-तेरा. इथवर तुमची बाजू भक्कम. पण उष्णता काढायला काहीच नाही, म्हणून लॅपमागून लॅप काटा चढत १५० ला पोहोचला की तेच ‘६०’ ९ वर येतं. जाड तेलाने तुम्हाला वीसेक अंशांची उधारी दिली. कर्ज फिटलेलं नाही.

दुसरी गोष्ट, दाब आणि प्रवाह यांतला गोंधळ. जाड तेल टाकलं की दाबाचा काटा वर जातो आणि माणूस खूश होतो. पंपाला रिलीफ व्हॉल्व्ह असतो. ठरलेला दाब आला की तो उघडतो आणि उरलेलं तेल बेअरिंगकडे न जाता परत पंपाच्या तोंडाशी किंवा सम्पमध्ये जातं. जाड तेलाने हा दाब कमी आरपीएमलाच गाठला जातो. बेअरिंग थंड ठेवण्याचं काम त्यातून वाहून जाणारं तेल करतं, दाबाचा काटा करत नाही. घट्ट तेल कमी वाहतं, त्यामुळे बेअरिंगमधून बाहेर पडताना ते आणखी तापलेलं असतं. काट्यावर मात्र सगळं छान दिसतं! शिवाय सकाळी गार इंजिनात हे तेल फिल्टरमधून नीट जात नाही, फिल्टरचा बायपास उघडतो आणि न गाळलेलं तेल वर चढतं. व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारे कॅम फेझर तेलाच्या दाबावर आणि वेळेवर चालतात, तेही ग्रेड बदलल्यावर कुरकुरतात.

तिसरी गोष्ट, जाड असणं आणि टिकाऊ असणं वेगळं. तेलाचं ऑक्सिडेशन दर दहा अंशांमागे साधारण दुप्पट होतं, हा ढोबळ हिशेब ग्रेड विचारत नाही. तिथे बेस ऑइल आणि त्यातली ॲडिटिव्हं कामाला येतात. १०डब्ल्यू-६० मधला १० आणि ६० यांच्यातला एवढा मोठा पल्ला बहुतांशी पॉलिमरच्या जोरावर गाठलेला असतो. हे लांब रेणू बेअरिंगमध्ये आणि गिअरच्या दातांत तुटत जातात. डब्यावर ६० छापलेलं तेल काही सेशननंतर ६० राहिलेलं नसतं. म्हणून पहिला आकडा दुसऱ्यापासून जितका लांब, तितका संशय धरावा. डब्याच्या पुढच्या बाजूपेक्षा डेटाशीटवर एचटीएचएसचा आकडा पाहावा. १५० अंशांना, जोरदार घर्षणाखाली मोजलेला हा जाडपणा ट्रॅकसाठी ३.५ च्या खाली नसावा, टर्बो गाडीला ४ च्या वर असलेला बरा.

आता तुम्ही बीएमडब्ल्यूचं नाव काढाल, ते ठाऊक आहे. ई४६ एम३ ला कंपनीनेच १०डब्ल्यू-६० सांगितलं होतं. बरोबर. त्याच गाडीच्या पुढच्या बंपरमागे कंपनीनेच बसवलेला ऑइल कूलरही आहे, तो कधी पाहिलात का? आरपीएमच्या तबकडीवर दिवे आहेत, जे गार तेलावर कमी मर्यादा दाखवतात आणि तेल तापेल तशी ती वर सरकवतात. ज्यांनी ६० चं तेल निवडलं त्यांनीच कूलरही लावला आणि गार तेलाची काळजीही घेतली. उलट उदाहरण निस्सान ३७०झेडचं. कूलर नसलेल्या सुरुवातीच्या गाड्यांत ट्रॅकवर तेल तापलं की ईसीयू (इंजिनाचा संगणक) आरपीएमची मर्यादा खाली आणत असे. पुढे काही आवृत्त्यांत कंपनीने कूलर दिला. जाड तेलाचा डबा दिला नाही.

तर १३० बद्दल. तुमचा १३० हा सम्पमधला की फिल्टरपाशी, की कूलरमधून परत येणाऱ्या पाइपमधला? सेन्सर कूलरनंतर बसवला तर काटा पंधरा-वीस अंश कमी दाखवतो आणि माणूस निवांत राहतो. कूलरकडे जाण्याआधीचं किंवा सम्पमधलं तापमान मोजा. तिथे १३० असेल तर बेअरिंगच्या आत त्याहून किमान वीस-तीस अंश जास्त असतात. तेल पेट घ्यायला २०० च्या वर जावं लागतं, १३० ला ते पेटत नाही हे कबूल. पण प्रश्न पेटण्याचा कधीच नव्हता, फिल्म उरण्याचा आहे. माझा हिशेब असा: ८०-९० येईपर्यंत जोर नाही, १०० ते १२० मध्ये हवं तसं चालवा, १३० दिसलं की एक लॅप हलका, १४० दिसलं की पिटमध्ये. सोबत दाब पाहा. दर १,००० आरपीएममागे १० पीएसआय हा जुना ठोकताळा बहुतेक साध्या पंपांना लागू पडतो. गरम तेलावर ६,५०० ला ६५ ऐवजी ४५ दिसत असेल तर तापमान कितीही सुंदर असो, थांबा. आणि दाब फक्त लांब वळणात पडून सरळ रस्त्यावर परत येत असेल तर तो तापमानाचा दोषच नाही, पंपाच्या तोंडाशी हवा जाते आहे. त्याला सम्पमध्ये बॅफल (तेल एका बाजूला जाऊ न देणारा आडोसा) हवा आणि डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेला हवं. त्यावर मात्र चढवू नका, नाहीतर क्रँक तेल घुसळून फेस करतो. पाच लिटर तेल २० वरून १२० अंशांवर जाताना तीनशे-साडेतीनशे मिली फुगतं, हे लक्षात ठेवून मोजा.

‘कूलर म्हणजे गळतीला आमंत्रण.’ चुकीचा बसवला तर, होय. थर्मोस्टॅटवाली सँडविच प्लेट घ्या, कारण तिच्याशिवाय रस्त्यावर तेल ७० अंशांवर रेंगाळतं आणि त्यातलं पाणी व पेट्रोल उडून जात नाही. होज एएन-१० (हा होजच्या जाडीचा आकडा), बारीक एएन-८ नको, दाब फुकट जातो. दोन लिटरच्या टर्बो नसलेल्या गाडीला १९ रांगांचा कूलर पुरतो, टर्बोला २५. तोंडं वर ठेवून बसवा म्हणजे हवा अडकत नाही, आणि रबरी बुशांवर टांगा, घट्ट आवळलेल्या कूलरचे कोपरे कंपनाने तडकतात. कूलरकडे हवा आणणाऱ्या डक्टचं तोंड कूलरच्या क्षेत्रफळाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतकं पुरे, पण कडा फोमने बंद हव्यात, हवा आळशी असते, ती बाजूने निघून जाते. मागून बाहेर पडायला वाट नसेल तर पुढचं तोंड कितीही मोठं करा, उपयोग शून्य. पहिल्यांदा सुरू करण्याआधी कूलर तेलाने भरा, इंधन बंद ठेवून स्टार्टरवर दाब येईपर्यंत फिरवा, मग सुरू करा, बंद करून पुन्हा डिपस्टिक पाहा. अर्धा ते एक लिटर जास्त लागेल. पहिल्या सेशननंतर प्रत्येक जोड हाताने चाचपा. आणि इंजिनाचं बेअरिंग गेलं असेल तर जुना कूलर धुऊन परत लावू नका. आतल्या पात्यांत अडकलेला धातूचा चुरा कितीही धुतला तरी निघत नाही, तो नव्या बेअरिंगची वाट पाहत बसतो.

राहिला तुमचा सावकाश लॅप. ट्रॅकवर येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी सांगतात, म्हणून मी लिहिलं नाही. वर्षातून दोनदा येणाऱ्याला तेवढं पुरत असेल, पुरू दे. माझा लेख त्यांच्यासाठी नव्हता.

पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा एवढं द्या: सेन्सर नेमका कुठे आहे, प्रत्येक लॅपच्या शेवटी तेलाचं तापमान, त्याच क्षणीचा दाब आणि आरपीएम, आणि तेल किती सेशन जुनं आहे. १०डब्ल्यू-६० टाकण्याआधीचे आणि नंतरचे, दोन्ही. ‘विषय संपला’ त्यानंतर म्हणा, मी स्वतः लेखात तुमचं नाव घालून दुरुस्ती करीन.

ता. क. तुमच्या दुसऱ्या प्रतिक्रियेत तेलाच्या भांड्याला तुम्ही तीन वेळा ‘संप’ लिहिलं आहे. तो शब्द ‘सम्प’ असा लिहावा. संप कामगार करतात.